पाच इस्पिकांची चौकशी

ब्रिजच्या स्पर्धेत दोन डावांना साधारण पंधरा मिनिटं मिळतात. पानं उचलायची, मोजायची, लावायची, बोली करायची, खेळायचं, मार्क लिहायचे, सगळं त्यात उरकायचं. प्रत्यक्ष बोलीला जेमतेम दीड-दोन मिनिटं लागतात. ही दीड-दोन मिनिटं पुढे किती तास पुरतात, ते मात्र कुठल्याच नियमपुस्तकात दिलेलं नाही. आमच्या पुण्यातल्या जिमखान्यात ती कॅन्टीन बंद होईपर्यंत पुरतात, मग पार्किंगमध्ये स्कूटरला किल्ली लावून पुरतात, आणि त्यातूनही उरलीच तर घरी गेल्यावर फोनवर.

मी खेळतो कमी, बघतो जास्त. खेळणाऱ्याच्या मागे खुर्ची टाकून बसणाऱ्या रिकामटेकड्याला ब्रिजमध्ये किबिट्झर म्हणतात आणि आंतरराष्ट्रीय नियमावलीतला 76 क्रमांकाचा नियम खास त्याच्यासाठी केलेला आहे. डाव चालू असताना त्याने बोलायचं नाही, कुणाची चूक दाखवायची नाही, चेहऱ्यावरसुद्धा काही उमटू द्यायचं नाही. पुणेकराला इतकी कडक शिक्षा दुसऱ्या कुठल्याही खेळात नसेल. पण डाव संपला की सुटका होते, आणि चौघांचीही पानं पाहिलेला माणूस जे काही बोलतो ते अर्थातच बरोबर असतं.

तर त्या दिवशीचा एक डाव. दक्षिणेला एका बँकेतून निवृत्त झालेले ब्रँच मॅनेजर, समोर उत्तरेला त्यांचे पार्टनर, दाताचे डॉक्टर. पश्चिमेला निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या बाई, आणि त्यांच्यासमोर पूर्वेला त्यांचा इंजिनीअरिंगला असलेला नातू. नातू ब्रिजमध्ये नवखा. बाईंचे नेहमीचे पार्टनर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्यामुळे त्याला धरून आणलेलं.

मॅनेजरांची पानं मला स्वच्छ दिसत होती. इस्पिकची सहा, त्यात एक्का आणि गुलाम. बदामाची एकुलती एक सत्ती. चौकटची चार, राजा-गुलाम धरून. आणि किलवरची फक्त दोन, पण एक्का-राणी. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, या हिशेबाने पंधरा पॉइंट. मॅनेजरांनी एक इस्पिक म्हटलं. बाईंनी दोन बदाम. डॉक्टरांनी सात पॉइंटांवर थेट चार इस्पिक ठेवले. त्यांच्याकडे इस्पिकची चार पानं होती आणि पुढच्या माणसाला बोलायला जागाच ठेवायची नाही, हा त्यांचा दवाखान्यातलाही शिरस्ता आहे. पण नातवाने शांतपणे बोलीच्या पेटीतून पाच बदामांचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

आता मॅनेजरांपुढे तीन वाटा. पास म्हणायचं. डबल म्हणायचं, म्हणजे ‘तुमचे पाच बदाम होत नाहीत, दंड वाढवून भरा’. किंवा पाच इस्पिक बोलायचं, म्हणजे तेरापैकी अकरा हात आपण करून दाखवायचे. त्यात मॅनेजरांची बाजू व्हलनरेबल, समोरची नाही. म्हणजे जिंकलो तर बक्षीस मोठं, आणि समोरच्यांना बुडवलं तर दंड मात्र बेताचा. मॅनेजरांनी छताकडे पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. एकेकाळी लाखालाखांची कर्जं मंजूर करताना पाहायचे तसं चष्म्याच्या वरून पाहिलं. आणि पाच इस्पिक बोलले.

बाईंनी बदामाचा एक्का वाजवला. पुढे चौकटचा एक्का त्यांचाच. राहिला प्रश्न किलवरच्या राजाचा. तो नातवाकडे असेल तर मॅनेजरांची राणी सुटणार आणि अकरा हात पुरे होणार. बाईंकडे असेल तर राणी पडणार आणि दहावरच गाडी अडणार. बाकी सगळं दोन्हीकडे सारखंच. मॅनेजरांनी डमीतून, म्हणजे डॉक्टरांच्या टेबलावर उघड्या मांडलेल्या पानांतून, किलवर काढली, राणी लावली, आणि बाईंनी राजा असा हळुवार खाली ठेवला जसा पूर्वी त्या नापासाचं प्रगतिपुस्तक ठेवत असतील. एक डाऊन. शंभर उणे.

डॉक्टर तोपर्यंत डमी होते, म्हणजे त्यांना बोलायची बंदी होती. ती उठली.

“डबल का नाही मारलंत?”

“अहो, तुम्ही चार बोललात ना!”

“मी चार बोललो. पाच तुम्ही बोललात.”

“तुमच्या चारच्या जोरावर.”

“माझ्याकडे सात पॉइंट होते!”

“ते मला काय ठाऊक? तुम्ही सातवर चार बोलता?”

या संवादाला ब्रिजमध्ये पोस्टमॉर्टेम म्हणतात. खऱ्या पोस्टमॉर्टेममध्ये निदान एक पक्ष गप्प असतो.

हिशेब मांडला तर गंमत अशी निघते. डबल मारून पाच बदाम खेळू दिले असते तर ते दोन हातांनी बुडाले असते, मॅनेजरांना 300 मिळाले असते. उणे शंभरापेक्षा तीनशे केव्हाही बरे, म्हणून डॉक्टर बरोबर. पण आमच्या गटात बाकीच्या टेबलांवर कुणी पाच बदाम बोललंच नाही. तिथे इस्पिकवाल्यांनी चारवर डाव घेतला, दहा हात केले आणि 620 लिहिले. ही स्पर्धा जोड्यांची होती. जोड्यांच्या स्पर्धेत किती मिळाले याला किंमत नसते, शेजारच्या टेबलापेक्षा किती मिळाले याला असते. सहाशेवीसवाल्यांसमोर तीनशे म्हणजेही जवळपास भोपळाच. म्हणून मॅनेजरही बरोबर. तोच डाव संघांच्या सामन्यात आला असता तर डॉक्टर जास्त बरोबर ठरले असते. आणि किलवरचा राजा नातवाकडे असता तर मॅनेजरांच्या नावाने चहा मागवला गेला असता. बोली तीच, पानं तीच, माणूस तोच, एक राजा दीड-दोन मीटर इकडचा तिकडे. तेवढ्यावर ‘काय जजमेंट आहे!’ आणि ‘अक्कल गहाण ठेवली होती का?’ यातलं कुठलं वाक्य ऐकायचं ते ठरतं.

हे नवीन नाही आणि पुण्याचंही नाही. कॉन्ट्रॅक्ट ब्रिजचे मूळ गुण-दंड अमेरिकन धनाढ्य हॅरल्ड व्हँडरबिल्टने 1925 मध्ये पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवरच्या प्रवासात घडवले. त्यानंतर चारच वर्षांत, सप्टेंबर 1929 मध्ये, कॅन्सस सिटीत जॉन आणि मर्टल बेनेट हे जोडपं शेजाऱ्यांबरोबर खेळायला बसलं. जॉन एक इस्पिक बोलला, मर्टलने चार केले, डाव बुडाला. तिने त्याच्या खेळाचा उद्धार केला, त्याने तिच्या थोबाडीत ठेवून दिल्या, तिने आईच्या खोलीतून पिस्तूल आणलं. 1931 मध्ये खटला उभा राहिला, माजी सिनेटर जेम्स रीड यांनी तिचं वकीलपत्र घेतलं आणि ज्युरीने तिला निर्दोष सोडलं. ब्रिजपटूंच्या दृष्टीने या निकालात एकच उणीव राहिली: चार इस्पिक होत होते की नव्हते, यावर ज्युरीने मतच दिलं नाही. ती उणीव ईली कल्बर्टसन या ब्रिजच्या सम्राटाने भरून काढली. त्या डावाची म्हणून पानं छापून आली, आणि नीट खेळला असता तर जॉनचा डाव होत होता, असं त्याने दाखवून दिलं. ती पानं खरोखर त्याच डावाची होती का, याची जाणकारांना दाट शंका आहे. असेना. प्रेताच्या खेळातली चूक दाखवायची संधी सोडणारा ब्रिजपटू मी तरी पाहिलेला नाही.

याच कल्बर्टसनने 1931 च्या डिसेंबरात सिडनी लेन्झला आव्हान देऊन दीडशे रबरांचा सामना लावला. वाद होता कुणाची बोलीची पद्धत शहाणी याचा. रोजच्या बातम्या वर्तमानपत्रांत, पंच म्हणून लष्करातला आल्फ्रेड ग्रुएंथर, जो पुढे नाटोच्या फौजांचा सरसेनापती झाला. (ब्रिजच्या टेबलावर शांतता राखल्यावर युरोपात राखणं त्याला जड गेलं नसावं.) कल्बर्टसन 8,980 गुणांनी जिंकला. पण मला त्यातलं लक्षात राहतं ते वेगळंच. लेन्झचा पार्टनर ऑस्वाल्ड जेकोबी, त्या पिढीतला एक असामान्य खेळाडू, लेन्झच्या टोमण्यांना कंटाळून सामना अर्धवट सोडून निघून गेला आणि त्याच्या जागी नौदलातल्या एका अधिकाऱ्याला बसवावं लागलं. म्हणजे जगातल्या सर्वांत गाजलेल्या सामन्यातसुद्धा भांडण समोरच्यांशी झालं नाही. झालं ते स्वतःच्याच पार्टनरशी.

आपल्याकडे पिस्तूल येत नाही, पण सर्वेक्षण येतं. डाव हरलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून निष्पाप लोकांना गाठत सुटतो. “एक पानं सांगतो, तू काय बोलशील सांग.” यात विचारण्याच्या सुरातच उत्तर असतं. स्वतः डबल न मारलेला माणूस पानं सांगताना ‘एक्का-राणी, म्हणजे राणी अगदी छान जागी’ असं म्हणतो. त्याचा पार्टनर तीच पानं ‘नुसती दोन किलवर’ म्हणून सांगतो. तुमचं उत्तर त्यांच्या मनासारखं आलं तर तुम्ही जाणकार. नाही आलं तर एखादी माहिती द्यायची राहिलेली असते. लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढली जात असताना मी हा प्रश्न ऐकलेला आहे. एकदा स्मशानात, पुढे मंत्र चालू असताना, मागच्या रांगेतून ‘व्हलनरेबल कोण होतं?’ हेही ऐकलेलं आहे. गेलेले गृहस्थ स्वतः ब्रिज खेळायचे, त्यामुळे त्यांनी मनाला लावून घेतलं नसेल.

हेच सर्वेक्षण प्रतिष्ठेने करतात ते ‘द ब्रिज वर्ल्ड’ या अमेरिकन मासिकात, जे 1929 मध्ये पुन्हा त्या कल्बर्टसननेच काढलं. त्यात नामांकित खेळाडूंच्या मंडळाला पानं आणि झालेली बोली दिली जाते, प्रत्येकाने पुढची बोली कारणासह कळवायची. ज्या बोलीला सर्वांत जास्त मतं पडतात तिला 100 गुण, बाकीच्यांना उतरत्या क्रमाने. एकाच पानांवर जगज्जेता पास म्हणतो, दुसरा जगज्जेता बारा-तेरा हातांचा स्लॅम बोलतो, आणि तिसरा जगज्जेता लिहितो की मुळात आधीची बोलीच गाढवपणाची होती, मी इथवर आलोच नसतो. हे वाचून सामान्य खेळाडूच्या मनाला जी शांती लाभते ती वर्गणीच्या मानाने स्वस्त आहे.

ज्यांचा माणसांवर विश्वास नाही त्यांच्यासाठी गणित आहे. झाँ-रने व्हर्न या फ्रेंच गृहस्थांनी 1960 च्या दशकात मांडलेला आणि पुढे लॅरी कोहेनच्या 1992 च्या पुस्तकाने घरोघर नेलेला नियम असा: दोन्ही बाजूंची आपापल्या लांब रंगाची पानं मोजा, दोन्हींची बेरीज करा, तेवढेच एकूण हात दोन्ही बाजूंना मिळून होतात, साधारणपणे. आमच्या जिमखान्यात एक सांख्यिकीचे प्राध्यापक या नियमाचे उपासक आहेत. त्यांनी कागदी रुमालावर मांडलं: इस्पिक दहा, बदाम दहा, बेरीज वीस. प्रत्यक्षात इस्पिकमध्ये दहा हात होत होते आणि बदामात नऊ. एकोणीस. सरांनी रुमालाकडे पाहिलं, मग डाव लिहिलेल्या कागदाकडे पाहिलं, आणि म्हणाले, “नियम बरोबर आहे. पानं चुकीची वाटली गेलीत.” पानं हल्ली कॉम्प्युटर वाटतो. सर त्याच्याशी बोलत नाहीत.

कॉम्प्युटरने आणखी एक उपद्व्याप करून ठेवलाय. स्पर्धा संपली की छापील कागद मिळतो आणि त्यात प्रत्येक डावाखाली लिहिलेलं असतं की कुणाचं जास्तीत जास्त काय होत होतं. या डावाखाली होतं: उत्तर-दक्षिण, चार इस्पिक, पूर्व-पश्चिम, तीन बदाम. हे गणित चौघांची पानं उघडी धरून केलेलं असतं. कॉम्प्युटरचा फिनेस, म्हणजे राजाला चुकवून राणी लावण्याचा डाव, फसत नाही, कारण राजा कुठे आहे ते त्याला आधीच दिसतं. तो निव्वळ एक न दमणारा किबिट्झर आहे, आणि 76 क्रमांकाचा नियम त्याला लागू नाही. पण कागदावर छापलं की माणसं नमतात. डॉक्टरांनी ‘चार इस्पिक’ या शब्दांखाली पेनाने रेघ ओढली आणि कागद मॅनेजरांच्या खिशात ठेवला. लंडनच्या एस. जे. सायमनने 1945 च्या ‘व्हाय यू लूज ॲट ब्रिज’मध्ये एक अभागी तज्ज्ञ रंगवला आहे, जो प्रत्येक वेळी शास्त्राप्रमाणे बरोबर असतो आणि प्रत्येक वेळी पैसे हरून उठतो. मॅनेजरांनी ते पुस्तक वाचलंय आणि त्यातला तो तज्ज्ञच त्यांना सगळ्यात समंजस माणूस वाटला.

खरा न्यायनिवाडा मात्र पलीकडच्या खोलीत, दुसऱ्या गटात चालला होता. तिथेही हीच पानं फिरत होती आणि तिथल्या पूर्वेनेही पाच बदाम बोलून ठेवले होते. फरक इतकाच, की तिथल्या दक्षिणेने भरपूर वेळ विचार केला, दोनदा सुस्कारा सोडला आणि पास म्हटलं. आणि मग सात पॉइंटवाली उत्तर पाच इस्पिक बोलली. पूर्व-पश्चिमने तक्रार केली. ब्रिजमध्ये पार्टनरचा सुस्कारा हा पुरावा म्हणून वापरायला बंदी आहे. नियम 16 सांगतो की पार्टनरच्या घुटमळण्यातून जे सुचतं ते तुम्हाला निवडता येत नाही, जर तुमच्या तोडीच्या खेळाडूंपैकी बऱ्याच जणांनी दुसऱ्या बोलीचा गंभीर विचार केला असता, आणि काहींनी ती केलीही असती. हे ठरवायला स्पर्धेचा डायरेक्टर त्याच दर्जाच्या खेळाडूंना गाठून ती पानं दाखवतो आणि विचारतो, तुम्ही काय बोलाल?

कागदावर हे फार न्याय्य दिसतं. व्यवहारात अडचण अशी की तुमच्याच दर्जाचा खेळाडू म्हणून ज्याला बोलावतात त्याचा पहिल्या वाक्यालाच अपमान होतो. “या लेव्हलच्या खेळाडूंना विचारतोय” असं डायरेक्टर एका साहेबांना म्हणाला, तर ते पानं न बघताच निघून गेले. दुसऱ्याने आधी विचारलं, निकाल काय लागला? तो सांगायचा नसतो. मग त्याने ‘पास, पण नाखुशीने’ असं उत्तर दिलं आणि ‘नाखुशीने’ लिहून घ्यायला लावलं. तिसरा म्हणाला, “मी कधीच पास म्हणत नाही.” त्याच्या बायकोने मागून दुजोरा दिला.

सगळी मतं गोळा करून डायरेक्टर टेबलाशी परतला तेव्हा त्याला आठवण झाली की पाच इस्पिक एक हाताने बुडाले होते. उत्तरेने पास म्हटलं असतं तर पाच बदाम, विनाडबल, दोन हातांनी बुडून पूर्व-पश्चिमचेच शंभर गेले असते. इथे उलट त्यांना शंभर मिळाले होते. नुकसान झालं असेल तरच मार्क बदलतात.

“तुमचं तर भलंच झालंय,” तो तक्रारदारांना म्हणाला.

“झालंय हो,” तक्रारदार म्हणाले, “पण प्रश्न तत्त्वाचा आहे.”

कधीकधी मला वाटतं, पत्ते कुटणाऱ्यांना आपल्याकडे जी नावं ठेवतात त्यात कुटण्याचा भाग फार थोडा असतो, घोटण्याचाच जास्त. 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी जोड्यांचं सुवर्णपदक आणलं तेव्हा बर्धन साठीचे होते. त्या आठवड्यात आमच्या जिमखान्यातल्या प्रत्येकाने घरी ते वर्तमानपत्र जेवणाच्या टेबलावर उघडं ठेवलं. एका घरी त्यावर भाजी निवडली गेली, एवढंच कानावर आलं.

असो. रात्रीचे पावणेदहा झाले होते. मॅनेजर, डॉक्टर, प्राध्यापक, पलीकडच्या खोलीतून तत्त्व घेऊन आलेले दोघे आणि मी, असे कॅन्टीनच्या दाराशी उभे होतो. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की या सगळ्याचं मूळ नातवाचे पाच बदाम. दोन पॉइंटांवर! ते कुणी तपासलंच नाही. तपासणार कशाला, लागले होते ना. डबल बसलं असतं तरी तीनशेच गेले असते, आणि समोरच्यांचे सहाशेवीस वाचले होते. प्राध्यापकांनी रुमाल उलटा करून त्याचं गणितही करून टाकलं, आणि ते सुरेख जमलं. डॉक्टर म्हणाले, याला म्हणतात उपजत समज. मॅनेजरांनी वडा-पाव खात उभ्या असलेल्या नातवाच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, “बाळा, दोन पॉइंटांवर पाच बदाम बोलायचं कसं सुचलं तुला?”

नातवाने आजीकडे पाहिलं. बाई पर्समध्ये स्कूटरची किल्ली शोधत होत्या.

“चार बोलायला गेलो होतो,” तो म्हणाला. “पण डॉक्टरकाकांनी चार इस्पिक ठेवल्यावर चार बदामांचं कार्ड ठेवता येत नाही, असं आजीनं सांगितलं होतं. म्हणून त्याच्या मागचं बदामाचं काढलं.”

“सांगितलं होतं खरं,” बाई म्हणाल्या. “पास म्हणायचं असंही सांगितलं होतं.”

“ते हिरवं कार्ड सापडेना.”

प्राध्यापकांनी रुमालाची घडी घातली आणि खिशात ठेवली. “तरीही,” ते म्हणाले, “बोली बरोबर आहे.”